पोट आत घ्या!

गॅरेजमध्ये 'क्लिअरन्स' हा फार पवित्र शब्द आहे. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट फीलर गेजचं पातं घालून मिलीमीटरच्या शतांशात मोजतात. पिस्टन आणि सिलिंडर, शाफ्ट आणि बेअरिंग, सगळीकडे तेच. फट वाढली की खडखड, कमी झाली की जाम. स्टिअरिंगचंही तसंच. चाक वीतभर फिरवलं तरी गाडी वळायचं नाव घेत नसेल, तर कुठलाही मिस्त्री हात लावून सांगेल, "प्ले आलाय", आणि तासाभरात तो काढूनही देईल. पण त्याच स्टिअरिंगचं चाक आणि ते धरून बसलेल्या माणसाचं पोट, यांच्यामधली फट कोण मोजतं? कुणीही नाही. ती कमी पडली तर त्यावर एकच उपाय सांगितला जातो, आणि तो मी दोन देशांत, दोन भाषांत ऐकलाय: पोट आत घ्या.

या उपायाचा मला मनस्वी राग आहे. आज तो इथे काढणार आहे. (ह. घ्या. किंवा नका घेऊ.)

निमित्त झालं आमच्या शेजारच्या आजोबांचं. मी राहतो तिथे, ओहायोत, आमच्या दोन घरं पलीकडे एक निवृत्त गृहस्थ राहतात. वय पंचाहत्तर, उंची सहा फूट, अंगाने भारदस्त. त्यांच्याकडे वडिलांचा १९५१ सालचा अर्ध्या टनाचा पिकअप ट्रक आहे. (इकडे 'ट्रक' म्हटलं की आपला दहा चाकी डोळ्यासमोर आणू नका. पुढे बसायला एक लांब बाक, मागे उघडा हौदा, एवढाच जीव.) कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, त्या पिढीचे बहुतेक ट्रक या बाबतीत एकाच माळेचे मणी होते. गेल्या हिवाळ्यात आजोबा जाड जाकीट घालून रस्त्यावरून घराकडे वळत होते. वळण पूर्ण डावीकडचं. अर्ध्यात आल्यावर स्टिअरिंगची खालची कड जाकिटात रुतली, चाक अडलं, आणि ट्रक न वळता शांतपणे सरळ आमच्या टपालपेटीवर गेला. वेग फार तर पाच मैल. पेटीचा खांब मोडला, बाकी काही नाही. पण दहाच मिनिटांपूर्वी शाळेची बस त्याच जागी पोरं उतरवून गेली होती. आजोबा खाली उतरले ते पांढरेफटक पडलेले.

मग सल्ले सुरू झाले. मुलगा म्हणाला, विकून टाका. गावातला गॅरेजवाला म्हणाला, वजन उतरवा, नाहीतर लहान व्यासाचं स्टिअरिंग घ्या. जुन्या ट्रकवाल्यांचा एक कंपू दर शनिवारी कॉफीला जमतो, तिथे एकजण म्हणाला, "त्या काळची माणसंच बारीक होती हो!" आणि सगळे आजोबांच्या पोटाकडे बघून हसले. आजोबाही हसले. मी तिथेच होतो, आणि मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

माणसं बारीक होती हे खोटं नाही. अमेरिकी सरकारच्या आरोग्य सांख्यिकी केंद्राचे आकडे आहेत: १९६०-६२ मध्ये प्रौढ पुरुषाचं सरासरी वजन सुमारे १६६ पौंड होतं, २००२ पर्यंत ते १९१ झालं. म्हणजे ७५ किलोवरून जवळजवळ ८७. कबूल. पण सरासरी माणूस ट्रक चालवत नसतो. हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. ज्या वर्षांत हा ट्रक बनत होता, नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकी हवाई दलाने आपल्या हजारो वैमानिकांची मापं घेतली होती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने त्यातल्या ४०६३ जणांची दहा-दहा मापं तपासली. दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा वैमानिक किती निघावेत? एकही नाही. १९५२ साली त्याचा अहवाल आला आणि हवाई दलाने सरासरीचा नाद सोडून पुढेमागे, वरखाली सरकणाऱ्या सीट आणि पेडलचा आग्रह धरला. वैमानिकासाठी कॉकपिट हलायला लागलं. शेतकऱ्याला मात्र सीटच्या पाठीला पेट्रोलची टाकी मिळाली.

हो, टाकी! हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसेल, मलाही बसला होता. १९४९ पासून १९७२ पर्यंतच्या शेव्हरोलेटच्या पिकअपमध्ये, साठच्या दशकातल्या फोर्डच्या पिकअपमध्येही, इंधनाची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असायची. आजोबांच्या ट्रकमध्येही तशीच होती. सतरा-अठरा गॅलनची, म्हणजे पासष्टेक लिटर पेट्रोल पाठीला लावून माणूस शेतावर जायचा. जागेची चणचण इथून सुरू होते. सीट रुळांवर सरकते खरी, पण मागे सरकून जाणार कुठे? मागे टाकी आहे. अशा वेळी पोट मोठं म्हणून हसायचं, आणि टाकीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा कुठला न्याय?

आता लहान स्टिअरिंगचं बघू, कारण हाच सल्ला सगळ्यांच्या जिभेवर तयार असतो. मूळ चाक साडेसतरा इंची. बदली म्हणून सुचवलेलं पंधरा इंची. व्यास अडीच इंचांनी कमी झाला म्हणून लोक खूश होतात, पण खालची कड पोटापासून दूर जाते ती निम्मी, फक्त सव्वा इंच. आणि त्या सव्वा इंचाची किंमत? या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. चाक मोठं ठेवलं होतं ते हौसेखातर नव्हे. ती तरफ आहे. तरफ आखूड केली की जोर वाढतो: साडेसतरा भागिले पंधरा, म्हणजे सतरा टक्के जास्त. त्यात आजोबांनी मूळच्या अरुंद टायरांऐवजी रुंद रेडियल टायर घातलेत, त्यामुळे उभ्या गाडीत चाक आधीच जड. एका खांद्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तुम्ही सव्वा इंच देताय आणि त्याच्या खांद्यावरून वसूल करताय. याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

दुसरा लाडका उपाय म्हणजे स्टिअरिंगचा दांडाच खाली-वर करणं. डॅशबोर्डाखालचा क्लॅम्प सैल करून दांडा खाली ओढला की चाक उभट होतं, कड पोटापासून सुटते आणि मांड्यांवर येऊन बसते. वर ढकलला की मांड्या सुटतात, चाक बसच्या चाकासारखं आडवं होतं आणि कड पुन्हा पोटात. शिवाय नुसता वरचा क्लॅम्प ओढून भागत नाही. खाली चासीवर स्टिअरिंग बॉक्सचे बोल्टही सैल करून दांडा आणि बॉक्स एका रेषेत बसवावे लागतात, नाहीतर दांडा कायमचा ताणाखाली राहतो आणि चाक आणखीनच जड फिरतं. एका अवयवाकडून घेऊन दुसऱ्याला द्यायचं, एवढंच यातून साधतं.

म्हणून आम्ही टेप काढला आणि आधी आजोबांना मोजलं, ट्रकला नंतर. गॅरेजवाल्याच्या हातात चोवीस तास टेप असतो, पण माणसाला मोजायचं त्याला सुचलं नव्हतं. छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत साडेआठ इंच. खालची कड ते पोट: शून्य. इथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेचा (एनएचटीएसए) सल्ला आहे की एअरबॅगवाल्या गाडीत छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान दहा इंच हवेत. या ट्रकमध्ये एअरबॅग नाही, पण जे आहे ते एअरबॅगपेक्षा वाईट आहे. त्याकडे येतोच.

मोजता मोजता पहिला चोर सापडला: गादी. पंधराएक वर्षांपूर्वी आजोबांनी सीटचं कुशन नवं करून घेतलं होतं. मूळच्या सीटमध्ये स्प्रिंगा होत्या, बसलं की खाली दबणाऱ्या. नव्यात मस्त जाड फोम, पाठीलाही आणि बुडालाही. दिसायला राजेशाही, पण माणूस पुढेही आला आणि वरही उचलला गेला. पाठीचा फोम पातळ केला, दीड इंच मिळाला. खर्च जवळजवळ शून्य. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे, मग ती जीप असो की ट्रक, त्यांनी स्टिअरिंगला हात लावण्याआधी गादीची चौकशी करावी.

दुसरा चोर टाकी. ती बाहेर काढायची आणि मागे हौद्याखाली, चासीच्या दोन लांब दांड्यांच्या मधे नवी बसवायची. यात घाई नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. आसपास ग्राइंडर, वेल्डिंग काहीही चालवायचं नाही. आणि 'दोन दांड्यांच्या मधे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. १९७३ साली जनरल मोटर्सने आपल्या मोठ्या पिकअपमधली टाकी केबिनबाहेर नेली, छान केलं, पण ठेवली ती चासीच्या दांड्याच्या बाहेरच्या अंगाला. १९८७ पर्यंत तशीच. बाजूने धडक बसली तर टाकी फुटून आग लागते म्हणून खटले झाले, सरकारी चौकशी झाली, आणि १९९४ मध्ये तडजोड होऊन ते प्रकरण मिटलं. म्हणजे पाठीची आग काढून कुशीत ठेवली. दुरुस्ती करणाऱ्यांनी हे विसरू नये.

टाकीच्या प्रस्तावावर कॉफी-कंपूत जो गदारोळ झाला तो ऐकण्यासारखा होता. "ओरिजिनॅलिटी जाईल!" ओरिजिनल म्हणजे काय हो? फोम ओरिजिनल नव्हता तेव्हा कुणी बोललं नाही. रेडियल टायर ओरिजिनल नाहीत. ट्रकवरचा रंगसुद्धा त्या काळचा नाही. पण माणसाला बसायला जागा करायची म्हटली की एकदम १९५१ साल आठवतं! जी वस्तू प्रदर्शनात ठेवायची आहे ती खुशाल ओरिजिनल ठेवा, दोरी लावा भोवती. जी रस्त्यावर धावते तिच्यात एक जिवंत माणूस बसतो, आणि त्या रस्त्यावर शाळेची बसही येते.

तर टाकी गेली मागे. सीटच्या रुळांसाठी तळाला नवी भोकं, खालून जाड पट्ट्या, कमरेचे पट्टे (१९५१ मध्ये तेही नव्हते). सीट तीन इंच मागे सरकली. आजोबांचे पाय लांब, त्यामुळे पेडल अजून पोचतात; ठेंगण्या माणसाला हे औषध लागू पडणार नाही, त्याच्यासाठी पुन्हा टेपपासून सुरुवात. दीड आणि तीन, साडेचार इंच. साडेआठचे तेरा झाले. जाकीट घालूनही मूठ मावते. मूळचं मोठं चाक जागेवर, जोर तेवढाच. जुन्या टाकीचं तोंड केबिनच्या बाजूला होतं, त्याचं झाकण आजोबांनी शोभेसाठी तसंच ठेवलंय. त्यांचं कंपूशी जमायला हवं ना.

एका गोष्टीत मात्र मी हरलो. तो दांडा. या ट्रकमध्ये स्टिअरिंगचा दांडा म्हणजे चाकापासून खाली बॉक्सपर्यंत एकसंध पोलादी सळई आहे, आणि बॉक्स गाडीच्या पुढच्या भागात. समोरून जोरात धडक बसली की बॉक्स मागे ढकलला जातो आणि सळई भाल्यासारखी छातीवर येते. "जुन्या गाड्या काय दणकट होत्या, नाही?" असं आपल्याकडे लग्नकार्यात हमखास कुणीतरी म्हणतं, त्यांना मला हे दाखवायचंय. गाडी दणकट होती, म्हणूनच मार आतल्या माणसाला बसायचा. अमेरिकेत कारमधलं स्टिअरिंग धडकेत दबलं पाहिजे, माणसाकडे फार सरकता कामा नये, असा नियम १ जानेवारी १९६८ पासून लागू झाला. हलक्या ट्रकना तो लागू व्हायला सप्टेंबर १९८१ उजाडलं. साडेतेरा वर्षं! कारमध्ये बसून ऑफिसला जाणाऱ्याची छाती आणि ट्रकमध्ये बसून शेतावर जाणाऱ्याची छाती यांत काय फरक होता, ते मला कुणी समजावून सांगेल काय? मी आजोबांना सुचवलं की दोन युनिव्हर्सल जॉइंट आणि दबणारा दांडा बसवू. (सळई कापून मधे वेल्ड मारू नका, कुणी कितीही स्वस्तात देत असलं तरी.) ते नाही म्हणाले. "वडिलांचा हात याच दांड्यावर होता." यावर मी काय बोलणार?

आता दुसऱ्या देशाबद्दल. तुम्ही म्हणाल, ही झाली अमेरिकन म्हाताऱ्याची हौस, आमचा काय संबंध? माझा मामा लासलगावहून कांदा भरून वाशीला न्यायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मालकाचा ट्रक, पॉवर स्टिअरिंग नाही, कसारा घाटाच्या वळणांवर चाक अक्षरशः उभं राहून, अंग टाकून फिरवावं लागायचं. मामाच्या प्रत्येक शर्टाचं खालून दुसरं बटण तुटलेलं असायचं आणि तिथलं कापड घासून पांढरं पडलेलं. मामी बटण लावता लावता म्हणायची, "अहो, चालवताना पोट जरा आत घ्या." आणि गंमत म्हणजे मामाला पोट नव्हतंच! वेळूसारखा माणूस.

मग चाक लागायचं का? तेव्हाची सर्रास पद्धत अशी की कंपनीकडून चासी आणि पुढचा काउल घ्यायचा आणि केबिन बाहेर बॉडीवाल्याकडून बांधून घ्यायची. कंपनीचा आराखडा काउलपाशी संपायचा. स्टिअरिंग कंपनीने बसवलेलं, सीट बॉडीवाल्याने. दोघांमधलं अंतर कुणाच्याच कागदावर नाही. मालकाला हौदा लांब हवा, कारण हौद्यात पैसे. सीटमागे झोपायची फळीही हवी, कारण ड्रायव्हरने रात्री लॉजवर खर्च करू नये. मग उरलेल्या जागेत ड्रायव्हरची बैठक, पुढे ढकललेली. फळी बसवून झाल्यावर मालक स्वतः बसून बघायचा, तेही गाडी उभी असताना. ज्याला त्यावर बसून कसारा उतरायचा होता त्याला कुणी बोलावलंच नाही.

आता दिवस बदललेत हे मान्य. पॉवर स्टिअरिंग आलं, कंपनीच्या केबिन आल्या, स्टिअरिंग मागेपुढे होतं अशाही गाड्या आल्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी बंधनकारक झाला. त्या नियमावर एका वाहतूकदाराचं मत मी नाशकात ऐकलंय: "एसी दिला तर ड्रायव्हर झोपतील." हे ते एसी लावलेल्या ऑफिसात बसून, टक्क जागे राहून सांगत होते. केबिन थंड झाली म्हणून बैठक आणि चाक यांमधलं अंतर आपोआप सुधारत नाही. जुन्या गाड्या अजून हजारोंनी धावतायत, आणि चासी घेऊन केबिन बाहेर बांधून घेणारेही आहेत.

आम्हा इंजिनिअरांचाही यात वाटा आहे. पुण्यात इंजिनिअरिंग करताना मशीन ड्रॉइंगमध्ये मी प्लमर ब्लॉक काढला, टेलस्टॉक काढला, एच७/जी६ असली फिट्स घोकली. चार वर्षांत एकाही शीटवर माणूस काढला नाही. साधन नव्हतं असंही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्तींचं भारतीय माणसांच्या मापांचं अख्खं पुस्तक काढलंय: बसलेल्या माणसाच्या मांडीची जाडी, पोटाची खोली, हाताची पोच, सगळं त्यात आहे. मी ते पहिल्यांदा पाहिलं ते इकडे डॉक्टरेट करताना.

म्हणून केबिन बांधून घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बोल्ट आवळण्याआधी जो ड्रायव्हर ती गाडी चालवणार आहे त्याला तिथे बसवा. चाक डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवायला लावा. क्लच तळापर्यंत दाबायला लावा. थंडीत स्वेटर घालतो का विचारा. दोन ड्रायव्हर असतील तर दोघांना बसवा, आणि सीट सरकेल असे रूळ लावा. यात अर्धा तास जातो. ड्रायव्हर लोकांनीही "साहेब, चाक लागतंय" हे लाज न बाळगता सांगावं. टॅपेटचा आवाज सांगताना लाजता का?

टाकीचं काम संपल्यावर मामाला फोन केला आणि सगळं सांगितलं. आधी त्याचा विश्वासच बसेना. "सीटमागं पेट्रोल? आमची बरी मग, चासीला लटकलेली." मग थोडं थांबून म्हणाला, "आमची ती बैठक मागं सरकवता आली असती का रे?"

चार बोल्टांवर होती, मी म्हणालो. झोपायची फळी चार इंच अरुंद झाली असती, एवढंच.

मामा काही बोलला नाही. मग यंदा कांद्याला काय भाव मिळाला ते सांगायला लागला.